घरच्या पाहुण्याचे स्वागत : देवरूख परिसरातील चाकरमानी आणि यजमान

१. प्रश्नाचे स्वरूप

आतिथ्याविषयीचे बहुतेक विवेचन एका गृहीतावर उभे असते. घर एकाचे असते आणि येणारा दुसरा असतो. उंबरठा ही त्या दोघांमधील सीमा होय, आणि स्वागत म्हणजे ती सीमा काही काळापुरती उघडण्याची रीत. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अतिथीस देवासमान मानण्याची जी आज्ञा आहे, तिच्या मुळाशी हेच गृहीत आहे. ‘अतिथी’ या शब्दाची परंपरेने सांगितली जाणारी व्युत्पत्तीही ‘ज्याच्या येण्यास तिथी ठरलेली नाही तो’ अशीच आहे.

कोकणातील ग्रामीण घरात जो पाहुणा सर्वांत मोठ्या संख्येने व सर्वांत नियमाने येतो, आणि ज्याच्यासाठी सर्वांत अधिक तयारी केली जाते, त्यास ही व्याख्या लागू पडत नाही. त्याच्या येण्याची तिथी पंचांगात छापलेली असते. ज्या घरी तो येतो ते त्याच्याच आजोबांनी बांधलेले असते. ज्या देवापुढे तो बसतो तो त्याचाही कुलदेव असतो, आणि घरामागील जमिनीच्या सातबाऱ्यावर भावांच्या नावांबरोबर त्याचेही नाव असते. तरीही तो येतो तेव्हा त्याच्या पायांवर पाणी घातले जाते, पुढ्यात गूळपाणी ठेवले जाते आणि ‘केव्हा आलात?’ असे विचारले जाते. हा माणूस म्हणजे नोकरीधंद्यानिमित्त मुंबईस राहणारा आणि गणपतीस, शिमग्यास किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गावी परतणारा चाकरमानी.

जो घरचाच आहे त्याचे स्वागत करण्याचे कारण काय, आणि त्या स्वागताने नेमके काय साधते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुका, आणि त्यातही तालुक्याचे मुख्य ठिकाण देवरूख व त्याच्या भोवतालची गावे, हा प्रदेश घेतला आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, भातशेती डोंगरउताराच्या लहान लहान तुकड्यांत विभागलेली आहे, आणि मुंबईशी असलेला संबंध कित्येक पिढ्यांचा आहे. त्यामुळे हा प्रश्न येथे विशेष स्पष्टपणे दिसतो.

२. शब्दांचा विचार

मराठीत घरी येणाऱ्या माणसासाठी एकच शब्द नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘पाहुणा’ हा शब्द प्राकृत ‘पाहुण’ या रूपाशी निगडित आहे. तथापि मराठी ग्रामीण व्यवहारात त्यास आणखी एक अर्थच्छटा आहे. विवाहसंबंधाने जोडलेला माणूस, विशेषतः जावई व व्याही, हा तेथे पाहुणाच असतो, मग तो कितीही वेळा येवो. ‘सोयरा’ हा शब्द याच संबंधाचा निर्देश करतो. याउलट सासरी गेलेली मुलगी माहेरी येते तेव्हा ती पाहुणी नसते. तिच्यासाठी ‘माहेरवाशीण’ असा वेगळा शब्द आहे. जिचे येथे राहणे संपले आहे परंतु येथील माया संपलेली नाही, अशी ती व्यक्ती होय.

‘चाकरमानी’ हा शब्द या मालिकेत वेगळा पडतो. त्यातील ‘चाकर’ हे पद फारसी आहे. हा शब्द नात्यावरून आलेला नसून व्यवसायावरून आलेला आहे. गावात शेती करणाऱ्या भावास कोणी व्यवसायाच्या नावाने हाक मारीत नाही. शहरात गेलेल्या भावास मात्र त्याच्या चाकरीने ओळखले जाते. म्हणजे नामकरणातच थोडे अंतर निर्माण केलेले असते. या शब्दातील चाकरीचा अर्थ अलीकडे अनेकांना कमीपणाचा वाटू लागला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य शासनाच्या कागदपत्रांत त्याऐवजी ‘कोकणवासीय’ हा शब्द वापरण्याचा निर्देश दिला गेला. मानाच्या दृष्टीने हा बदल समजण्यासारखा आहे. परंतु अभ्यासकाने हे लक्षात घेतले पाहिजे की, नव्या शब्दात राहणारा आणि परतणारा यांतील भेद पुसला जातो. जुन्या शब्दात तो भेद होता, आणि गावातील स्वागताची सर्व रचना त्याच भेदावर उभी आहे.

३. स्थलांतराची पार्श्वभूमी

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० नंतरच्या दशकात उभी राहिली. त्यानंतरच्या अर्धशतकात गिरण्यांना जो कामगारवर्ग मिळाला, त्यातील फार मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. कारणे परिचित आहेत. जमीन थोडी, ती बरीचशी वरकस, आणि खोती पद्धतीमुळे कसणाऱ्याच्या हाती राहणारा वाटा अपुरा. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा मात्र १९४९ मध्ये झाला, आणि पुढे कूळकायद्याने कसणाऱ्यांना जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग खुला केला. हे येथे सांगण्याचे कारण असे की, या परिसरातील अनेक कुणबी कुटुंबांना आपल्या मालकीची जमीन मिळून दोन-तीन पिढ्यांहून अधिक काळ लोटलेला नाही. खोताच्या काळी वेठीने राबलेल्या कुटुंबास स्वतःच्या अंगणात स्वतःच्या माणसाचे स्वागत करणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यात नव्याने मिळालेल्या स्वामित्वाचा आनंद होता.

हे स्थलांतर संपूर्ण कुटुंबाचे नव्हते. पुरुष मुंबईस जात. पत्नी, मुले व वृद्ध गावी राहत. गिरणगावात एका गावचे किंवा एका वाडीचे लोक मिळून एक खोली घेत, तिच्यात पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. मिळकतीचा भाग मनीऑर्डरने गावी येई. या व्यवस्थेची खूण जनगणनेत अद्यापि दिसते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. महाराष्ट्राच्या इतर बहुतेक भागांत हे प्रमाण उलट आहे.

प्रवासाची साधने बदलत गेली, तसे आगमनाचे स्वरूपही बदलले. आगबोटीच्या काळी मुंबईहून निघालेला माणूस जयगड किंवा रत्नागिरी बंदरात उतरे, आणि तेथून बैलगाडीने अथवा पायी घाटपायथ्याची वाट धरी. पुढे राज्य परिवहनाची गाडी आली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि संगमेश्वर रोड हे देवरूखकरांचे स्थानक झाले. पूर्वी वर्षातून एकदा होणारे येणे आता दोनतीनदा होऊ शकते. पण मुक्काम मात्र आखूड झाला. महिन्याच्या रजेची जागा चार दिवसांच्या रजेने घेतली. स्वागताचे विधी जे टिकले ते या आखूड मुक्कामात बसतील एवढे संक्षिप्त होऊन टिकले.

४. घराची रचना आणि स्वागताचे टप्पे

या परिसरातील जुने घर जांभ्या दगडाचे व कौलारू असते. आवाराभोवती दगडांचा गडगा, त्यातून आत येण्याची वाट, पुढे सारवलेले अंगण किंवा खळे, त्यानंतर पडवी, ओटी, माजघर, देवघर व स्वयंपाकघर, आणि मागीलदारी न्हाणी, विहीर व परस, असा साधारण क्रम असतो. बाहेरून आत जाताना मोकळेपणा कमी होत जातो आणि आप्तपणा वाढत जातो. कोण कोठपर्यंत येऊ शकतो, हे घराच्या रचनेनेच ठरविलेले असते. वाटसरू अंगणात थांबतो, व्यवहारासाठी आलेला पडवीत टेकतो, पुरुष पाहुणा ओटीवर बसतो, आणि नात्यातील स्त्रिया माजघरात जातात. मागीलदाराने येण्याचा अधिकार केवळ घरच्यांचा व अगदी निकटच्या शेजारणींचा असतो.

चाकरमान्याचे आगमन या क्रमाने, पण वेगळ्या गतीने होते. प्रथम अंगणात त्यास पाय धुण्यास पाणी दिले जाते. लांबच्या प्रवासाने व वाटेवरच्या लाल चिखलाने भरलेल्या पायांना पाण्याची गरज असतेच. परंतु मोटार दारापर्यंत येऊ लागल्यावरही ही रीत पुष्कळ घरांत राहिली आहे, यावरून तिचा हेतू केवळ स्वच्छतेचा नाही हे उघड आहे. लहान मूल प्रथमच गावी आले असल्यास, किंवा माणूस फार दिवसांनी अथवा आजारातून उठून आला असल्यास, घरातील वृद्ध स्त्री त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते. वाटेवर चिकटलेले जे काही अनिष्ट असेल ते उंबरठ्याबाहेर राहावे, अशी त्यामागील समजूत आहे.

त्यानंतर ओटीवर गूळपाणी येते. उन्हातून चालून आलेल्या माणसास गूळ तत्काळ तरतरी देतो, आणि गुळानंतर प्यालेले पाणी बाधत नाही असे मानले जाते. आता बहुतेक घरांत गूळपाण्यामागोमाग चहा येतो, उन्हाळ्यात कोकमाचे सरबत किंवा पन्हे येते. ओटीवरचा हा अल्प काळ महत्त्वाचा असतो. प्रवास कसा झाला, गाडीस किती गर्दी होती, कोणकोण आले, कोण मागाहून येणार, अशी चौकशी येथे होते. ‘किती दिवस राहणार?’ हा प्रश्न मात्र सहसा लगेच विचारला जात नाही. तो विचारला तर येणाऱ्यास जाण्याची आठवण करून दिल्यासारखे होते.

यानंतर चाकरमानी देवघरात जातो. देवापुढे नमस्कार केल्यावर तो कपडे बदलतो आणि मागीलदारी न्हाणीकडे जातो. हा क्षण निर्णायक होय. जो अंगणातून पाहुणा म्हणून आला तो देवघरातून मागीलदारी निघाला की घरचा झाला. यापुढे त्यास कोणी पाणी आणून देत नाही. तो स्वतः विहिरीवर जातो, गोठ्यात डोकावतो, पागोळ्यांखाली ठेवलेली भांडी सरळ करतो. आर्नोल्ड व्हान जेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये संक्रमणविधींच्या तीन अवस्था सांगितल्या : पूर्वस्थितीपासून वियोग, मधली उंबरठ्यावरची स्थिती आणि नव्या स्थितीत समावेश. अंगण, ओटी व देवघर या तीन जागा त्या तीन अवस्थांशी जुळतात. फरक एवढाच की, येथे समावेश परक्याचा होत नसून घरच्याचा पुन्हा एकदा होत असतो. दूर राहिल्याने नात्यात जे परकेपण साचलेले असते ते नाकारले जात नाही. त्यास ओटीवर अर्धा तास मान दिला जातो, आणि मग ते संपविले जाते.

५. पाहुणे देव

या परिसरातील सणांकडे पाहिले तर मनुष्यांच्या येण्याजाण्याचा नमुना देवांच्या येण्याजाण्यातही दिसतो. भाद्रपदात गणपती येतो आणि ठरलेल्या दिवशी जातो. त्याच्यामागोमाग गौर येते ती माहेरवाशीण म्हणून. तिचा मुक्काम अल्प, म्हणून तिचे कौतुक अधिक. अनेक घरांत गौरीच्या सणास नवविवाहित सुनेचा ववसा होतो, सुपांची देवघेव होते आणि दोन घरांतील नाते सर्वांसमक्ष दृढ केले जाते. रात्री वाड्यावाड्यांतून जाखडीचे नाच होतात, आणि नाचणारे मंडळ ज्या अंगणात जाते त्या घराने त्यांचा पाहुणचार करावयाचा असतो.

येथे कौटुंबिक रचनेतील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, शेतीचे वाटे पडले, कोणी मुंबईस कायमचे स्थिरावले, तरी पुष्कळ भावक्यांत गणपती मूळ घरी एकच आणण्याची प्रथा आहे. विभक्त झालेले सारे भाऊ त्या दिवसांत मूळ घरात एकत्र येतात. त्यामुळे गणपतीस गावी जाणे ही चाकरमान्याच्या दृष्टीने केवळ सुट्टी नसते. ज्या देवाच्या पूजेत आपला वाटा आहे, तेथे हजर राहून तो वाटा दरवर्षी नव्याने मांडण्याची ती संधी असते. आरतीस उभे राहिलेल्यांत आपण होतो, ही गोष्ट गावाच्या स्मरणात नोंदली जाते. कायद्याच्या दृष्टीने सहहिस्सेदाराचा हक्क केवळ दूर राहिल्याने बुडत नाही. एकाचा ताबा तो सर्वांच्या वतीने असलेला ताबा समजला जातो. परंतु गावाच्या व्यवहारात हक्काचा पुरावा कागदापेक्षा हजेरीने अधिक दिला जातो.

शिमग्यात हे नाते उलट्या दिशेने प्रकट होते. तेव्हा ग्रामदेवता स्वतः पालखीत बसून घरोघर येते. देवरूखचे ग्रामदैवत सोळजाई; आसपासच्या गावांची दैवते वेगवेगळी. परंतु पालखी आपल्या दारी येईल तेव्हा घर उघडे असले पाहिजे, ही भावना सर्वत्र सारखी आहे. पालखीसाठी अंगण सारवले जाते, ओटी भरली जाते, नारळ ठेवला जातो आणि देवीपुढे गाऱ्हाणे घातले जाते. त्या गाऱ्हाण्यात मुंबईस असलेल्या मुलाबाळांचा उल्लेख आवर्जून होतो. दार बंद असलेल्या घरापुढून पालखी पुढे जाणे हे दुःखाचे मानले जाते. म्हणून ज्या कुटुंबाचे गावी कोणीच राहत नाही, त्यातील एक तरी माणूस पालखीच्या दिवशी येऊन कुलूप काढतो.

मकरसंक्रांतीस देवरूखजवळील मारळ येथे मार्लेश्वराचा विवाहसोहळा होतो. वधू गिरिजादेवी साखरप्याहून पालखीतून येते, आंगवलीहून मार्लेश्वराची स्वारी निघते, आणि देवरूखहून व्याडेश्वराची पालखी यजमानपणासाठी जाते. देवांमध्येही कोणी पाहुणा, कोणी सोयरा आणि कोणी यजमान असा विभाग आहे. या भूमिका गावागणिक वाटून दिलेल्या आहेत, आणि ज्या गावाकडे यजमानपण आहे ते गाव त्यास भार न मानता मान समजते.

६. देवघेव

मार्सेल मोस याने १९२५ मधील दानविषयक निबंधात असे दाखविले की, देणे, स्वीकारणे व परत देणे ही तीन कर्तव्ये एकत्र मिळूनच सामाजिक संबंध टिकवितात. चाकरमान्याच्या पिशव्या या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. येताना त्यांत पेढे, बिस्किटे, कपडे, वृद्धांची औषधे आणि मुलांसाठी वह्या असतात. परतताना त्याच पिशव्यांत तांदूळ, नारळ, आमसुले, कुळथाचे पीठ, फणसपोळी, काजू असा वानवळा भरला जातो. पैशाच्या हिशेबाने हे सारे मुंबईच्या बाजारात मिळते. तरीही वाहनात जागा नसता नारळ कोंबून भरले जातात. कारण तो माल आपल्या जमिनीचा असतो. चाकरमान्यास जे दिले जाते ते एका अर्थाने त्याच्याच वाट्याचे असते, परंतु ते वाटा म्हणून मोजून दिले जात नाही, भेट म्हणून दिले जाते. हक्काचे भेटीत रूपांतर झाल्याने मागण्याचा प्रसंग येत नाही आणि नाकारण्याचाही येत नाही. भाऊबंदकीच्या तंट्यांनी प्रसिद्ध असलेल्या या प्रदेशात या रूपांतराचे मोल कमी नाही.

या देवघेवीचे दुसरे टोक मुंबईत असे. गावाहून नोकरी शोधण्यास निघालेला तरुण, उपचारासाठी आणलेला वृद्ध, परीक्षेसाठी आलेला विद्यार्थी, यांना दहा बाय बाराच्या खोलीत जागा करून देणे हे चाकरमान्याचे कर्तव्य होते. गावच्या ओटीवरील गूळपाणी आणि मुंबईच्या खोलीतील अंथरुणाची कड ही एकाच व्यवहाराची दोन अंगे होत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो कामगारांचे काम गेले. तेव्हा पुष्कळांना गावच्या घराचाच आधार उरला. एरवी चार दिवसांचा पाहुणा असलेला भाऊ महिनोन्महिने राहण्यास आला. अशा वेळी ओटीवरचा मान टिकत नाही. तो शेतात उतरला, आणि पाहुणा व घरचा यांतील रेषा दोन्ही बाजूंनी पुन्हा आखावी लागली.

७. भार आणि मर्यादा

आतिथ्याच्या वर्णनात त्याचा भार कोण वाहतो हे बहुधा सांगितले जात नाही. या परिसरात तो मुख्यतः स्त्रियांनी वाहिला आहे. गणपतीपूर्वी घराची झाडलोट, भिंतींची रंगरंगोटी, जमिनीचे सारवण, सरपण कोरडे ठेवणे, तांदूळ धुऊन वाळवून पीठ करणे, नारळ खवणे, आणि ऐन भाद्रपदात शेतातील बेणणी संभाळून वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक करणे, ही कामे घरी राहिलेल्या सुनेच्या व सासूच्या वाट्यास येतात. मुंबईची जाऊ येते तेव्हा ती स्वयंपाकघरात कोणत्या नात्याने शिरते, हा नाजूक प्रश्न असतो. पाहुणी म्हणून बसली तर तिचे घरपण कमी होते. घरची म्हणून हाताखाली घेतली तर वर्षभर ज्या चुलीवर दुसरीची सत्ता आहे तिच्यावर क्षणिक हक्क सांगितल्यासारखे होते. बहुतेक घरांत यावर एक मूक तोडगा असतो. मोदकांची उकड व भाताचे पाणी गावची जाऊ पाहते. मोदक वळणे, पाने वाढणे, आरतीची तयारी ही कामे मुंबईची जाऊ करते. चूल एकीची राहते, पंगत दोघींची होते.

दुसरी मर्यादा जातीची. घराच्या ज्या रचनेचे वर वर्णन केले, तीत अंगणापासून माजघरापर्यंतच्या पायऱ्या केवळ आप्तपणाच्या नव्हत्या. कोणास अंगणातच थांबवावयाचे, कोणास पाणी वरून ओतावयाचे, हेही त्या पायऱ्यांनी ठरविले होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर आणि मुंबईतील चळवळीचे संस्कार घेऊन परतलेल्या बौद्ध चाकरमान्यांमुळे या व्यवस्थेस प्रत्यक्ष आव्हान मिळाले. एका गिरणीत शेजारी उभे राहून काम केलेल्या दोन माणसांपैकी एकाने दुसऱ्याच्या ओटीखाली उभे राहावे, ही विसंगती मुंबईत जितकी लपली तितकी गावात लपू शकली नाही. आज पुष्कळ ओट्या सर्वांना खुल्या आहेत, परंतु माजघराचा प्रश्न सर्वत्र सुटला आहे असे म्हणता येत नाही. आतिथ्याचा गौरव करताना त्याने कोणास वगळले होते, याची नोंद ठेवणे हे अभ्यासाचे कर्तव्य आहे.

तालुक्यातील कोकणी मुसलमान कुटुंबांचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. त्यांच्यापैकी अनेकांचे स्थलांतर मुंबईपुरते न राहता आखाती देशांपर्यंत गेले. सण वेगळे, पंचांग वेगळे. पण परतणाऱ्याची वाट पाहणारे घर, त्याने आणलेल्या वस्तू आणि त्यास बांधून दिलेला गावचा मेवा, हा नमुना तोच आहे. यावरून ही रीत कोणा एका धर्माची नसून स्थलांतरावर जगणाऱ्या प्रदेशाची आहे, असे अनुमान काढता येते.

८. १९२० नव्हे, २०२० : एक कसोटी

सामाजिक रीतीचा अर्थ ती मोडावी लागते तेव्हा अधिक स्पष्ट होतो. साथीच्या भयाने गावे बंद झाल्याचे प्रसंग कोकणाच्या जुन्या पिढ्यांनी पाहिले होते. तसाच प्रसंग २०२० मध्ये पुन्हा आला. करोनाच्या साथीमुळे मुंबईतील कामे थांबली आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात मोठ्या संख्येने लोक कोकणात परतले. अनेक गावांत त्यांना शाळांच्या खोल्यांत किंवा रिकाम्या घरांत वेगळे ठेवले गेले. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती, आणि सणासाठी येणाऱ्यांना दहा दिवसांच्या विलगीकरणाची अट घालण्यात आली.

ज्या अंगणात पाय धुण्यास पाणी मिळत असे त्याच अंगणाच्या कडेला ताट ठेवून घरच्यांनी मागे सरावे, असे दृश्य तेव्हा पुष्कळ ठिकाणी दिसले. गावचा पक्ष असा होता की येथे वृद्ध अधिक, इस्पितळे दूर, आणि एकाच्या येण्याने सारी वाडी धोक्यात येते. चाकरमान्याचा पक्ष असा होता की आपण पाहुणे नाही, आपल्याच घरी येत आहोत, आणि घरी येण्यास परवानगी कशाची? दोन्ही पक्षांत तथ्य होते. एरवी गूळपाण्याने सौम्य होणारा प्रश्न या वेळी उघडा पडला. घर कोणाचे : ज्याचे नाव आहे त्याचे, की जो तेथे राहतो त्याचे? या प्रश्नास निर्णायक उत्तर कोणीही दिले नाही. दहा दिवस संपल्यावर पायांवर पाणी घातले गेले, गूळ दिला गेला, आणि माणूस देवघरात गेला. लांबलेली ओटी अखेर ओलांडली गेली. स्वागताचा विधी असा प्रश्न सोडवीत नाही. तो प्रश्न उत्तराविना सुसह्य करतो.

९. उपसंहार

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत लोकसंख्या घटणे ही गोष्ट भारतात फारच थोड्या जिल्ह्यांत घडली. पूर्वीचे स्थलांतर पुरुषांचे होते आणि घर मागे चालू राहत असे. आता पत्नी व मुलेही शहरात राहतात. गावी राहिलेली शेवटची व्यक्ती बहुधा वृद्ध स्त्री असते, आणि तिच्यामागे घरास कुलूप लागते. पैशाच्या दृष्टीने हे घर दरिद्री नसते. पुष्कळदा त्याची कौले बदललेली असतात, लादी बसविलेली असते, स्नानगृह नवे असते. सणास कुलूप उघडते, चार दिवस दिवे लागतात आणि पुन्हा कुलूप लागते.

या घरात काय उणे असते, हे वरील विवेचनावरून सांगता येते. तेथे येणारा असतो, परंतु आणणारा नसतो. पाय धुण्यास पाणी कोणी देत नाही, कारण देणारे व घेणारे एकाच गाडीतून उतरलेले असतात. ओटीवर प्रवासाची चौकशी करणारा कोणी नसतो, आणि परतताना वानवळा बांधून देणारेही कोणी नसते. अशा घरावरील मालकी पूर्ण असते, कारण तिच्यात वाटेकरी दिसत नाही. परंतु त्या घरी पोहोचणे हे आगमन होत नाही. चाकरमान्याचे गावाशी असलेले नाते त्याच्या हक्कावर जितके उभे होते तितकेच ते त्याची वाट पाहणाऱ्या माणसावर उभे होते, हे येथे ध्यानात येते.

काही ठिकाणी शेजाऱ्यांनी हा भार उचलला आहे. बंद घराची किल्ली शेजारघरी असते. सणापूर्वी शेजारीण अंगण झाडून ठेवते, आणि येणारे कुटुंब प्रथम तिच्या ओटीवर गूळपाणी घेऊन मग आपले कुलूप उघडते. यजमानपण रक्ताच्या नात्याबाहेर सरकण्याची ही सुरुवात असावी. ती टिकते की नाही, आणि जातिभेदाच्या जुन्या पायऱ्या तीत कोठे आड येतात, याचा वाडीवार अभ्यास होणे अगत्याचे आहे. शेजाऱ्याकडील किल्ली हा त्या अभ्यासाचा सोपा व निश्चित आरंभबिंदू ठरू शकेल.

निरोपाची रीत मात्र सर्व घरांत एकच आहे. मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. देवरूखच्या वाटेवर उभी असलेली वृद्ध स्त्री त्यास ‘ये’ असे उत्तर देते. क्रियापदाच्या या निवडीत सारा करार सामावलेला आहे. एकाने परत येण्याचे कबूल करावयाचे, आणि दुसऱ्याने तोवर घर उघडे ठेवण्याचे. यांपैकी पहिला भाग आजही पाळला जात आहे. दुसरा भाग कोणी पाळावा, हा या प्रदेशापुढील खरा प्रश्न आहे.